शेजारची खुर्ची : नवा प्रशिक्षक, त्याची शैली आणि त्याचे साहाय्यक

संघाचा प्रशिक्षक बदलला की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती त्याच्या नावाची. तो स्वतः किती मोठा खेळाडू होता, अर्जुन पुरस्कार कधी मिळाला, शिस्तीला कडक आहे की पोरांना सांभाळून घेणारा, एवढं विचारून झालं की गाडी थेट पहिल्या सामन्याकडे वळते. दोन प्रश्न मात्र मधल्यामधे राहून जातात. हा माणूस संघाला नेमकं कसं खेळवणार? आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार? हे दोन्ही प्रश्न एकाच दोरीने बांधलेले आहेत, असं माझं ठाम मत आहे. शैली प्रशिक्षकाच्या डोक्यात जन्मते खरी, पण ती खेळाडूंच्या पायात उतरवण्याचं काम साहाय्यकांचं असतं. म्हणून नव्या प्रशिक्षकाची पारख करायची तर त्याने कोणाला सोबत घेतलं, इथून सुरुवात करावी.

मळवलीत बसून हा विषय लिहिताना कबड्डी सोडून दुसऱ्या खेळापासून सुरुवात करणं मला जमणार नाही. मळवली, कार्ले, भाजे, कामशेत, वडगाव या पट्ट्यात कबड्डी हा आधी खेळायचा आणि मग बघायचा खेळ आहे. आपल्या मावळ तालुक्याच्या हद्दीत गहुंजेचं मोठं क्रिकेट स्टेडियम उभं आहे. महामार्गाने तसंच पुढे गेलं की बालेवाडीचं संकुल लागतं. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलं गेलं आणि आज पुणेरी पलटण या प्रो कबड्डी संघाचं घर आहे. त्यामुळे पलटणच्या प्रशिक्षकांचा दहा-बारा वर्षांचा प्रवास हाच या आढाव्याचा कणा. क्रिकेट, फुटबॉल आणि दूरच्या ऑस्ट्रेलियातले दाखले त्याच्या आधाराला.

शैली दिसते कुठे

सात गडी, तीस सेकंदांची चढाई, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. एवढ्या आटोपशीर खेळात प्रशिक्षकाची शैली चार ठिकाणी उघडी पडते.

पहिली जागा म्हणजे तिसरी चढाई. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. काही प्रशिक्षक हे मुद्दाम घडवून आणतात. निदान रेषा ओलांडायची, धोका न पत्करता परत यायचं, आणि समोरच्या संघालाही तिसऱ्या चढाईवर आणून तिथे त्याला पकडायचं. खेळ संथ होतो, पण ज्याची पकड भक्कम त्याला हा संथपणा मानवतो. दुसरे प्रशिक्षक प्रत्येक चढाईत बोनस नाहीतर स्पर्शाचा गुण मागतात.

दुसरी जागा म्हणजे कोपरे. डावा किंवा उजवा कोपरारक्षक पुढे होऊन स्वतः झडप घालणार, की चढाईपटू चुकेपर्यंत दम धरणार? झडप घालायची असेल तर शेजारच्या कव्हर बचावपटूने त्याच क्षणी मागून आधार द्यायला हवा. तो अर्धा सेकंद उशिरा पोचला तर एकाच्या जागी दोघे बाद होतात. धाडसी कोपरा हवा असेल तर आधी जागरूक कव्हर घडवावा लागतो.

तिसरी गोष्ट चढायांच्या ओझ्याची. एकाच हुकमी चढाईपटूवर सामना टाकायचा, की तिघांत ओझं वाटायचं? एकावर टाकलं तर तो जखमी होईपर्यंत सगळं ठीक चालतं. तिघांत वाटलं तर तिघांनाही तयार ठेवावं लागतं आणि तिघांचे मान सांभाळावे लागतात.

चौथी जागा म्हणजे संकट. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले की यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात, तीच अव्वल पकड. उलट सगळे बाद झाले तर लोणाचे दोन गुण समोरच्याला जातात, पण आपले सातही गडी परत येतात. अशा वेळी तग धरायचा की लवकर लोण पत्करून नव्याने मांडणी करायची, याचा निर्णय आधी ठरलेला असावा लागतो. ऐन वेळी ओरडून तो घेता येत नाही.

नियम बदलले की शैलीही बदलावी लागते, हेही ध्यानात घ्यायला हवं. प्रो कबड्डीत पूर्वी विजयाला पाच गुण मिळत, बरोबरीला तीन, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलं तरी एक गुण पदरात पडे. त्यामुळे हरत आलेला सामनाही प्रशिक्षक शेवटच्या मिनिटापर्यंत सात गुणांच्या आत राखायला बघत. २०२५ च्या बाराव्या हंगामात हे सगळं गेलं. विजयाला दोन, पराभवाला शून्य, आणि बरोबरी झाली तर पाच-पाच चढायांचा टायब्रेकर. आता तोट्यात असताना सावध राहून काही मिळत नाही. टायब्रेकरसाठी पाच चढाईपटू कोण आणि कोणत्या क्रमाने, हा वेगळा अभ्यास होऊन बसला.

पलटणचे प्रशिक्षक

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि पहिल्या दोन्ही हंगामांत पुणेरी पलटण तळाला राहिली. २०१६ हे वर्ष पालटाचं ठरलं. त्या वर्षी दोन हंगाम झाले, कर्णधार होता मनजित छिल्लर आणि प्रशिक्षक होते अर्जुन पुरस्कारविजेते अशोक शिंदे. दोन्ही हंगामांत संघ उपांत्य फेरीत पोचला. अनुभवी खेळाडूंच्या खांद्यावर उभा राहिलेला तो संघ होता. त्याच संघात हिमाचलचा एक उंचापुरा चढाईपटू खेळत होता, अजय ठाकूर. पुढे काय घडलं ते पाहता ही नोंद महत्त्वाची आहे.

२०१७ मध्ये कर्नाटकचे बी. सी. रमेश आले आणि संघ बाद फेरीत गेला. पुढच्या वर्षी आशन कुमार आले आणि त्यानंतर अनुप कुमार. अनुप कुमार म्हणजे भारताचा विश्वविजेता कर्णधार आणि यू मुंबाला २०१५ चं विजेतेपद मिळवून देणारा बोनसचा बादशहा. एवढा शांत, एवढा हुशार खेळाडू प्रशिक्षक झाला, पण पहिल्या हंगामात, २०१९ मध्ये, पलटण गुणतक्त्यात खूप खाली राहिली. दुसऱ्या हंगामात मात्र अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही दोन तरुण पोरं पुढे आली आणि संघ बाद फेरीत पोचला. विजेतेपद मिळालं नाही म्हणून अनुप कुमार अपयशी ठरले, असं मी म्हणणार नाही. पुढच्या यशाची पेरणी त्या दुसऱ्या हंगामात झाली.

२०२२ मध्ये बी. सी. रमेश पुण्यात परतले, पण मधल्या वर्षांत त्यांनी काय केलं होतं ते पाहा. २०१८ मध्ये ते बेंगळुरू बुल्समध्ये रणधीर सिंह सेहरावत यांचे साहाय्यक होते. मुख्य प्रशिक्षकपद भूषवलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली गेला आणि त्या हंगामात बुल्स विजेते झाले. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि बंगाल विजेतं झालं. एका हंगामात साहाय्यक, पुढच्या हंगामात प्रमुख, दोन्ही वेळा चषक. साहाय्यकाची खुर्ची ही शिकण्याची सर्वांत चांगली जागा आहे, याचा आपल्या खेळातला याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पुण्यात परतल्यावर त्यांनी पलटणला पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत नेलं. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने तो सामना ३३-२९ असा जिंकला. त्यानंतरच्या लिलावात इराणचा महंमदरझा शादलू २ कोटी ३५ लाखांना आला, कर्णधारपद अस्लमकडे गेलं, आणि दहाव्या हंगामात पलटणने २२ पैकी १७ साखळी सामने जिंकले, फक्त दोन गमावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुण्याने पहिला चषक उचलला.

त्या संघाची शैली अभ्यासण्यासारखी होती. चढाया अस्लम, मोहित आणि पंकज मोहिते यांच्यात वाटलेल्या. शादलूचा डावा कोपरा पुढे होऊन झडप घालणारा, आणि त्याच्या धाडसाला मागून अबिनेश नादराजन, गौरव खत्री यांचा आधार. सगळं एकमेकांवर बेतलेलं. दुसऱ्या वर्षी शादलू हरियाणाला गेला, अस्लम हंगामाच्या मध्यावर जखमी झाला आणि पलटण बाद फेरीलाही पोचली नाही. त्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीतच झाला. मनप्रीत सिंह यांच्या हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवलं आणि शादलूच्या हाती सलग दुसरा चषक आला. पुण्याच्या प्रेक्षकांनी आपल्या मैदानावर आपल्याच जुन्या कोपरारक्षकाचा विजय पाहिला. शैली एका खेळाडूभोवती बांधली की तो जाताना शैलीही घेऊन जातो, हा त्या वर्षाचा धडा.

अजय ठाकूर यांचा पहिला हंगाम

२०२५ च्या हंगामासाठी पलटणने अजय ठाकूर यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध भारत मागे पडलेला असताना सामना फिरवणारा चढाईपटू, पुढे भारताचा कर्णधार, पद्मश्री. नाव मोठं होतंच. प्रश्न शैलीचा होता.

योगायोग असा की त्यांचा पहिला सामना २९ ऑगस्टला विशाखापट्टणमला बेंगळुरू बुल्सशी होता आणि बुल्सच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून बसले होते बी. सी. रमेश. पलटणच्या पोरांना आतून-बाहेरून ओळखणारा माणूस समोर होता. सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला आणि नव्या नियमाचा टायब्रेकर पलटणने ६-४ असा जिंकला.

पुढे संघाने १८ पैकी १३ साखळी सामने जिंकून गुणतक्त्यात पहिला क्रमांक मिळवला. माझ्या नजरेत यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ठाकूर यांनी घर मोडलं नाही. चढायांची वाटणी त्यांनी तशीच ठेवली, त्यात आदित्य शिंदेसारख्या तरुण मराठी चढाईपटूला पुढे आणलं. स्वतः हुकमी चढाईपटू राहिलेल्या माणसाला एकाच हुकमी चढाईपटूचा मोह पडणं सोपं होतं. तो त्यांनी टाळला. बचाव गुरदीप, गौरव खत्री, अबिनेश यांच्या एकत्रित पकडीवर उभा राहिला. शादलूच्या जागी दुसरा शादलू शोधण्यापेक्षा त्यांनी साखळी घट्ट केली.

बाद फेरीत मात्र पहिल्या क्वालिफायरमध्ये दिल्लीने टायब्रेकरवर हरवलं. दुसऱ्या क्वालिफायरमध्ये पलटणने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं नमवलं. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत, दबंग दिल्लीने अंतिम सामना ३१-२८ असा जिंकला. दिल्लीच्या बचावात फझल अत्राचली होता, २०२२ मध्ये पलटणचा कर्णधार राहिलेला. दिल्लीचे प्रशिक्षक होते जोगिंदर नरवाल, त्याच संघाचे माजी विजेते कर्णधार.

तीन गुणांनी चषक गेला. याला अपयश म्हणणं अन्यायाचं आहे. पण एवढ्या बारीक फरकाने जिंकणं-हरणं ठरत असेल, तर तो फरक घडतो कुठे, हे विचारायलाच हवं. समोरचा चढाईपटू बोनससाठी आधी कोणता पाय टाकतो, थकल्यावर कोणत्या कोपऱ्याकडे वळतो, टायब्रेकरमध्ये कोणाला आधी पाठवतो, हे टिपणारा माणूस कोण होता? सामन्याच्या गडबडीत मुख्य प्रशिक्षकाचे डोळे सगळीकडे पुरत नाहीत. इथे शेजारच्या खुर्चीचं काम सुरू होतं.

साहाय्यक नेमके कशासाठी

साहाय्यक म्हणजे प्रशिक्षकाची पिशवी धरणारा, ही समजूत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. कबड्डीत त्याची किमान तीन कामं आहेत. एक, मुख्य प्रशिक्षकाचा कच्चा भाग भरून काढणं. प्रशिक्षक चढाईपटू असेल तर साहाय्यक कोपऱ्याचा किंवा कव्हरचा जाणकार हवा. दोन, राखीव खेळाडूंना धार लावत राहणं. मुख्य सात जणांवर सगळ्यांची नजर असते, आठव्या ते चौदाव्याकडे कोण बघतो? २०२२ च्या बाद फेरीत अस्लम आणि मोहित जखमी असताना पंकज मोहितेने संघ ओढला तो राखीव फळी तयार होती म्हणून. तीन, आणि सर्वांत अवघड काम म्हणजे प्रशिक्षकाला नाही म्हणणं. टाइमआउटमध्ये तीस सेकंदांत चुकीचा निर्णय होत असेल तर तो बोलून दाखवणारा माणूस जवळ हवा.

म्हणून नव्या प्रशिक्षकाने फक्त आपल्या गावचे, आपल्या जुन्या संघातले, आपल्याच तोंडचे शब्द बोलणारे लोक आणले तर मला काळजी वाटते. तशीच काळजी मालकांनी साहाय्यक परस्पर नेमून प्रशिक्षकाच्या गळ्यात बांधले तरी वाटते. निवड प्रशिक्षकाची हवी आणि निवडलेला माणूस त्याच्यापेक्षा वेगळा हवा.

ऑस्ट्रेलियाचा दाखला

हा प्रश्न जगात सर्वांत बारकाईने कुठे चघळला जात असेल तर तो ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये. लंबगोल मैदान, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, आणि मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आघाडी, मधली फळी आणि बचाव यांचे स्वतंत्र प्रशिक्षक. तिथे नवा प्रशिक्षक आला की त्याच्या साहाय्यकांच्या नावांवर रकानेच्या रकाने लिहिले जातात.

हॉथॉर्न क्लबकडे अ‍ॅलिस्टर क्लार्कसन २००५ मध्ये आले. माणसामागे माणूस धावण्याऐवजी जागा राखणारा बचाव त्यांनी बसवला आणि २००८ मध्ये विजेतेपद मिळवलं. २०१३, २०१४, २०१५ अशी आणखी तीन सलग आली. पण त्यांची खरी कमाई पुढची आहे. २०१६ ते २०२० या पाच वर्षांतली पाचही विजेतेपदं त्यांच्या माजी साहाय्यकांनी मिळवली : ल्यूक बेव्हरिज, डेमियन हार्डविक, अ‍ॅडम सिम्पसन आणि पुन्हा दोनदा हार्डविक. हॉथॉर्नमध्येच क्लार्कसन यांच्यासोबत काम केलेले ख्रिस फेगन सर्वोच्च स्तरावर कधी खेळले नव्हते. त्यांनी ब्रिस्बेनला २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून दिली.

दुसरं उदाहरण कॉलिंगवूडचं. २०२१ मध्ये अठरा संघांत सतरावा आलेला क्लब क्रेग मॅक्रे या नव्या प्रशिक्षकाकडे गेला. ते स्वतः अनेक वर्षं साहाय्यक राहिलेले. त्यांनी सोबत घेतलं जस्टिन लेपिच यांना, म्हणजे दुसऱ्या क्लबचं मुख्य प्रशिक्षकपद भूषवून उतरलेल्या माणसाला. आपल्या जागेला धोका होईल अशी भीती त्यांनी बाळगली नाही. संघ वेगवान, धोका पत्करणारा खेळ खेळू लागला आणि २०२३ मध्ये अवघ्या चार गुणांनी अंतिम सामना जिंकला.

क्रिकेट आणि फुटबॉल : घरचे दाखले

मराठी माणसाला हे शिकायला मेलबर्नला जायची गरज नाही. चंद्रकांत पंडित यांनी मुंबईला २०१५-१६ चा रणजी करंडक मिळवून दिला आणि मग विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन. पंडितांची शिस्त सगळ्यांना ठाऊक आहे. पण विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदात रजनीश गुरबाणीची वेगवान गोलंदाजी निर्णायक होती आणि गोलंदाजी प्रशिक्षक होते सुब्रतो बॅनर्जी. यष्टिरक्षक-फलंदाज राहिलेल्या पंडितांच्या शेजारी वेगवान गोलंदाज बसला होता. पंडित गेल्यावरही घडी मोडली नाही. २०२४-२५ मध्ये घरच्या उस्मान गनी यांच्या हाताखाली विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला.

त्याच पंडितांच्या वाट्याला आयपीएलमध्ये दुसरी बाजूही आली. २०२४ मध्ये कोलकाता नाइट रायडर्स विजेते झाले तेव्हा त्यांच्यासोबत मार्गदर्शक गौतम गंभीर, साहाय्यक अभिषेक नायर आणि रायन टेन डोशाटे होते. हे तिघे भारतीय संघाकडे गेले आणि २०२५ मध्ये कोलकाता आठव्या क्रमांकावर घसरलं. नायर हंगाम सुरू झाल्यावर परतले, पण तोवर वेळ गेली होती. कर्णधार श्रेयस अय्यरचं जाणं हेही कारण होतंच, सगळा भार साहाय्यकांवर टाकता येणार नाही. तरीही पंडितांनी पद सोडल्यावर संघाने मुख्य प्रशिक्षक म्हणून निवडलं ते नायर यांनाच.

आणि सर्वांत ताजा, सर्वांत आनंदाचा दाखला अमोल मुजुमदार यांचा. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही भारताकडून एकही सामना न खेळलेले मुजुमदार २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. गोलंदाजीला मुंबईचे आविष्कार साळवी, क्षेत्ररक्षणाला मुनीश बाली. २०२५ च्या विश्वचषकात साखळीत लागोपाठ तीन सामने गमावल्यावरही त्यांनी विश्वास ढळू दिला नाही. जेमिमा रॉड्रिग्जला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं आणि तिच्या नाबाद १२७ धावांच्या जोरावर ऑस्ट्रेलियाचं ३३९ धावांचं आव्हान उपांत्य फेरीत पार झालं. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने विश्वचषक जिंकला.

फुटबॉलमध्ये मुंबई सिटीचा मार्ग निराळा. तिथे शैली क्लबची, प्रशिक्षक तिचा पाईक. सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. ते गेल्यावर क्लबने तेव्हा आपली मालकी असलेल्या समूहातल्याच मेलबर्न सिटीचे साहाय्यक डेस बकिंगहॅम यांना आणलं. त्यांनी २०२२-२३ ची शील्ड जिंकली. तेही गेल्यावर पुन्हा मेलबर्न सिटीचेच साहाय्यक पेत्र क्रातकी आले आणि २०२४ मध्ये करंडक आला. माणसं बदलली, चेंडू पायात ठेवून खेळण्याची रीत कायम राहिली.

नाशिकच्या शैलजाताई

परका प्रशिक्षक परक्या मातीत काय करू शकतो, हे पाहायचं तर नाशिकच्या शैलजा जैन यांच्याकडे पाहावं. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून त्या गेल्या. त्यांनी फारसी शिकून घेतली, पोरींना योग आणि प्राणायामाची सवय लावली, त्यांच्या ताकदीला श्वासाची आणि संयमाची जोड दिली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणने अंतिम सामन्यात भारतालाच २७-२४ असं हरवलं. आदल्याच दिवशी घोलामरझा माझंदरानी यांच्या इराणी पुरुष संघाने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं नमवलं होतं आणि भारताचे कर्णधार होते हेच अजय ठाकूर. शैलजाताईंची रीत तिथे रुजली, कारण त्यांनी आधी तिथली भाषा उचलली. खेळाडूंची बोली न कळणाऱ्या प्रशिक्षकाला ती कळणारा साहाय्यक हवाच.

पलटणसाठी याचा सरळ अर्थ निघतो. हिमाचलचे प्रशिक्षक, हरियाणा-तमिळनाडूचे बचावपटू आणि अस्लम, पंकज, आदित्य यांच्यासारखी मराठी पोरं अशी ही मोट आहे. तिथे शेजारच्या खुर्चीवर महाराष्ट्रातला, इथल्या मातीवर खेळलेला, इथल्या तालमी आणि मंडळं ओळखणारा जाणकार असायला हवा. प्रांताभिमानापोटी हे म्हणत नाही. असा माणूस पुढचा अस्लम कुठल्या गावात चढाया करतोय ते सांगू शकतो.

मावळात काय

शेवटी आपल्या दारात येऊ. गावोगावच्या मंडळांत प्रशिक्षक म्हणजे बहुधा एकच माणूस, गावातला जुना खेळाडू. तोच सराव घेतो, तोच संघ निवडतो, तोच दुखापतीला पट्टी बांधतो, तोच पंचांशी बोलतो. तो थकला, नोकरीला गेला की मंडळाचा खेळ थांबतो. शैली म्हणाल तर जो चढाईपटू मोठा, त्याच्यावर सगळा सामना. तो लग्नसराईत गुंतला की संघ पहिल्या फेरीत बाद.

इथे खर्चाचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. दरवर्षी खेळातून निवृत्त होणाऱ्या पोरांपैकी एकाला पकड शिकवायला आणि एकाला लहान गटाला सांभाळायला बसवता येतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. दर दोन-तीन वर्षांनी एका माजी खेळाडूला तिथे पाठवणं एखाद्या मंडळाला जड जात असेल, तर चार मंडळांनी मिळून पाठवावं. स्पर्धेच्या ढालींवर आणि भोजनावळींवर आपण जेवढं खर्चतो, त्यातला छोटा वाटा पुरेल. मोबाईलवर सामना चित्रित करून दुसऱ्या दिवशी पोरांना दाखवायला तर काहीच लागत नाही, फक्त ते काम कोणाचं हे ठरलेलं असावं लागतं.

निवाडा

या सगळ्या दाखल्यांतून मला तीन कसोट्या दिसतात. नव्या प्रशिक्षकाची शैली हाताशी असलेल्या खेळाडूंवर बेतलेली आहे का? त्याने आपल्यापेक्षा वेगळं जाणणारा आणि तोंडावर नाही म्हणणारा साहाय्यक निवडला आहे का? आणि तो गेल्यावर त्याच्या हाताखालचा माणूस तोच संघ पुढे नेऊ शकेल का? बी. सी. रमेश, क्लार्कसन, मुजुमदार यांच्या यशात या कसोट्यांची उत्तरं सापडतात. अजय ठाकूर पहिल्या कसोटीला पहिल्याच वर्षी उतरले आहेत. दुसरीची आणि तिसरीची उत्तरं त्यांना पुढच्या हंगामांत द्यायची आहेत आणि त्यासाठी संघमालकांनी त्यांना वेळ दिला पाहिजे. पलटणने बारा हंगामांत पुष्कळ प्रशिक्षक बदलून पाहिले, चषक आला तो रमेश यांना सलग दुसरं वर्ष दिल्यावर.

वाचकांना आणि विशेषतः मावळातल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी संघ जाहीर कराल तेव्हा फलकावर प्रशिक्षकाच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहा, साहाय्यक प्रशिक्षकाची. ती ओळ रिकामी असेल तर सराव सुरू करण्याआधी ती भरा.